जुडगा नको, एक किल्ली द्या!

आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत सात संगणक आहेत आणि सातही लिनक्स ह्या प्रणालीवर चालतात. त्यांतल्या एकाला प्रिंटर जोडलेला आहे. हा प्रिंटर दर दोन-चार दिवसांनी रुसतो. कागद अडकलेला नसतो, शाई संपलेली नसते, तरी छपाईचे काम रांगेत अडकून पडते. अशा वेळी ही रांग सांभाळणारी 'कप्स' नावाची सेवा एकदा बंद करून पुन्हा चालू करावी लागते. काम अर्ध्या मिनिटाचे. पण ते करण्याचा अधिकार साध्या वापरकर्त्याला नसतो, तो 'रूट' ह्या सर्वाधिकारी खात्याला असतो.

मग आम्ही काय केले? पुष्कळ ठिकाणी करतात तेच. रूटचा परवलीचा शब्द एका चिठ्ठीवर लिहिला आणि ती चिठ्ठी कळफलकाच्या पाठीला चिकटवली. प्रयोगशाळेचे परिचर मामा, माझे दोन सहकारी, दहा-बारा विद्यार्थी आणि मी, अशा सर्वांना ती ठाऊक होती. तीन वर्षे सुरळीत गेली.

एका दुपारी प्रिंटर असाच अडला. मी चिठ्ठी पाहून रूट म्हणून आत शिरलो आणि रांग मोकळी केली. तेवढ्यावर थांबायचे, तर 'आता आत आलोच आहोत' म्हणून 'प्रयोग' नावाच्या फोल्डरातले 'जुने' हे उपफोल्डर पुसायला बसलो. आज्ञा लिहिताना 'प्रयोग/' आणि 'जुने' ह्यांच्यामध्ये चुकून एक मोकळी जागा पडली. संगणकाने तिचा अर्थ असा घेतला, की 'प्रयोग' पुसायचे आहे आणि 'जुने' नावाचे काही असेल तर तेही पुसायचे आहे. बी.एस्सी.च्या दोन तुकड्यांनी सत्रभर घेतलेली कॅटरच्या लंबकाची, न्यूटनच्या कड्यांची सारी निरीक्षणे डोळ्यांदेखत नाहीशी झाली. दुसरी प्रत काढून ठेवली नव्हती का, असे कोणी विचारील. नव्हती, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. दिवाळीच्या सुटीत मुलांना पुन्हा प्रयोगशाळेत यावे लागले. चूक माझी आणि सुटी गेली त्यांची.

त्या फायली विद्यार्थ्यांच्या मालकीच्या होत्या. माझ्या साध्या खात्यातून मी तीच आज्ञा दिली असती, तर संगणकाने 'परवानगी नाही' असे सांगून मला थांबवले असते. रूटला मात्र तो थांबवत नाही.

पुढच्या आठवड्यात आमची बैठक झाली. तिच्यात दोन मते पडली. एक मत असे, की चिठ्ठी राहू द्यावी, पण सर्वांनी सांभाळून वागावे. दुसरे मत असे, की चिठ्ठी फाडावी, परवलीचा शब्द विभागप्रमुखांनी कपाटात ठेवावा आणि मुलांना संगणकाला फारसा हात लावू देऊ नये. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, त्यातला हा प्रकार. माझे म्हणणे असे, की ही दोन्ही मते एकाच चुकीतून निघाली आहेत. अधिकार म्हणजे एक अखंड वस्तू आहे, ती द्यायची तर सगळी द्यायची, नाही तर मुळीच द्यायची नाही, असे दोघेही धरून चालले होते. वस्तुतः अधिकाराचे तुकडे करता येतात. कामापुरता तुकडा कापून ज्याचे काम आहे त्याच्या हाती देता येतो. लिनक्समध्ये त्यासाठी उत्तम साधने आहेत आणि ती शाळा-महाविद्यालयांनी वापरावीत, विद्यार्थ्यांना शिकवावीत, एवढेच मला ह्या लेखात सांगायचे आहे.

शून्य क्रमांकाचा वापरकर्ता

प्रथम रूट म्हणजे काय ते नीट समजावून घेऊ. लिनक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याला नावाबरोबर एक क्रमांक असतो. प्रत्येक फायलीला एक मालक असतो आणि एक गट असतो. ती फाइल मालकाने वाचावी की नाही, तिच्यात बदल करावा की नाही, ती चालवावी की नाही, तसेच गटातल्या लोकांनी काय करावे आणि इतरांनी काय करावे, ह्याची नोंद फायलीबरोबरच असते. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो फाइल उघडताना ही नोंद तपासतो. आज्ञा देणाऱ्याचा क्रमांक शून्य असेल, तर मात्र तो जवळजवळ सर्व तपासण्या सोडून देतो. हा शून्य क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे रूट.

ही व्यवस्था लिनक्सने युनिक्सकडून घेतली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्यांनी १९६९ पासून युनिक्स घडवली. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लायनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला तो त्याच धर्तीवर. आज तुमच्या घरातल्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच गाभा आहे.

आता एक कोडे घालतो. परवलीचे शब्द ओळखता येणार नाहीत अशा रूपात 'शॅडो' नावाच्या फायलीत साठवलेले असतात. साध्या वापरकर्त्याला ही फाइल बदलता तर येत नाहीच, वाचताही येत नाही. तरीसुद्धा कोणीही विद्यार्थी स्वतःचा परवलीचा शब्द केव्हाही बदलू शकतो. तो नवा शब्द त्या फायलीत जातो कसा?

उत्तर रिची ह्यांच्या एका युक्तीत आहे. परवलीचा शब्द बदलणारी 'पासवर्ड' ही आज्ञावली रूटच्या मालकीची असते आणि तिच्यावर एक खास खूण असते. फायलींची यादी पाहताना 'चालवण्याची परवानगी' दाखवणाऱ्या अक्षराच्या जागी तिथे 'एस' हे अक्षर दिसते. ही खूण असलेली आज्ञावली कोणीही चालवली, तरी तिला चालवणाऱ्याचे नव्हे, तर मालकाचे अधिकार मिळतात. ह्या युक्तीचे पेटंट रिची ह्यांना १९७९ मध्ये मिळाले.

बँकेतल्या रोखपालाची आठवण करा. तुम्हाला तिजोरीच्या खोलीत जाता येत नाही. पण खिडकीवर तुम्ही पावती देता आणि रोखपाल तुमच्या वतीने आत जाऊन तेवढेच काम करून येतो. 'पासवर्ड' आज्ञावली म्हणजे असा रोखपाल. तुम्ही कोण आहात हे ती पाहते, तुमचीच ओळ बदलते आणि बाहेर येते. अर्थात, रोखपाल दक्ष असला तरच ही व्यवस्था टिकते, हे विसरू नये.

सुडोची यादी

पण प्रत्येक लहानसहान कामासाठी असा नवा रोखपाल नेमणे परवडणारे नाही. अशी प्रत्येक आज्ञावली अतिशय काळजीने लिहावी लागते आणि तिच्यातली एक चूक सगळे दार उघडे करू शकते. म्हणून १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील संगणकशास्त्र विभागात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर ह्यांनी एक सामाईक रोखपाल तयार केला. त्याचे नाव 'सुडो'. पुढे अनेकांनी त्यात भर घातली आणि गेली तीस वर्षे टॉड मिलर हे त्याची देखभाल करीत आले आहेत.

सुडोच्या आधी 'सू' ही आज्ञा होती, आजही आहे. 'सू' वापरून रूट व्हायचे तर रूटचा परवलीचा शब्द ठाऊक असावा लागतो. म्हणजे ज्याला एक काम करायचे आहे त्यालाही सगळ्या किल्ल्यांचा जुडगाच द्यावा लागतो. सुडोने हे उलटे केले. तो रूटचा शब्द विचारीत नाही, तुमचा स्वतःचा विचारतो. आज्ञा देणारे तुम्हीच आहात ना, एवढी खात्री त्याला करून घ्यायची असते. मग तो 'सुडोअर्स' नावाच्या यादीत पाहतो, की ह्या माणसाला हे काम करण्याची मुभा आहे काय. असेल तर करतो, नसेल तर नकार देतो. दोन्ही वेळा, कोणी, केव्हा, कोणती आज्ञा दिली, ह्याची नोंद संगणकाच्या नोंदवहीत होते.

आमच्या प्रिंटरासाठी त्या यादीत एकच ओळ पुरली. प्रत्यक्ष संगणकावर ती रोमन लिपीत आहे, इथे उच्चाराप्रमाणे देतो:

मामा ऑल = /यूएसआर/बिन/सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट कप्स

पहिला शब्द माणसाचा. दुसरा यंत्राचा, एकच यादी अनेक संगणकांवर ठेवता यावी म्हणून ही सोय असते. 'ऑल' म्हणजे कोणत्याही यंत्रावर. बरोबरच्या चिन्हापुढे आज्ञा, तीही तिच्या पूर्ण पत्त्यासह. कोणाच्या नावाने करायची ते लिहिलेले नसले, तर सुडो रूटच्या नावाने असे धरतो. आता मामा आपल्या खात्यातून ही आज्ञा देतात, आपला परवलीचा शब्द टाकतात आणि रांग मोकळी होते. रूटचा शब्द त्यांना ठाऊक नाही आणि त्यांना त्याची गरजही उरलेली नाही.

ही यादी साध्या संपादकात उघडू नये. तिच्यात लिहिताना एखादे चिन्ह चुकले, तर सुडो कोणाचेच ऐकेनासा होऊ शकतो आणि आपणच आपल्या घराबाहेर अडकतो. म्हणून 'व्हिसुडो' ही आज्ञा वापरावी. ती साठवण्यापूर्वी व्याकरण तपासते. आपल्याला काय काय करता येते हे पाहायचे असेल, तर 'सुडो'पुढे उणे चिन्ह आणि एल हे अक्षर टाकावे. यादी समोर येते.

रेल्वेतला एक जुना दाखला इथे चपखल बसतो. पूर्वी आपल्याकडे अनेक एकेरी लोहमार्गांवर स्टेशनमास्तर इंजिनाच्या ड्रायव्हरला गोल कडी लावलेल्या पिशवीतून लोखंडी गोळा देत. तो हाती असल्याखेरीज गाडीने पुढच्या टप्प्यात शिरायचे नाही. तो गोळा म्हणजे सबंध मार्गाची सनद नव्हे. ह्या स्टेशनापासून पुढच्या स्टेशनापर्यंत, ह्या एका गाडीसाठी, एवढाच त्याचा अधिकार. त्यात ड्रायव्हरवर अविश्वास नव्हता. उलट त्या गोळ्यामुळेच तो समोरून गाडी येणार नाही ह्या भरवशावर निर्धास्त जाऊ शकत असे.

चार फसव्या फटी

इथवर सारे सोपे आहे. खरी मेख पुढे आहे. यादीत लिहिलेला अधिकार मर्यादित दिसतो, म्हणून तो मर्यादित असतोच असे नाही. आमच्या विद्यार्थ्यांनीच मला ह्यातल्या दोन फटी दाखवल्या, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही.

पहिली फट संपादकाची. एखाद्या विद्यार्थ्याला एकच फाइल दुरुस्त करता यावी म्हणून आपण त्याला 'व्हीआय' हा संपादक रूट म्हणून चालवण्याची मुभा देतो. पण ह्या संपादकाच्या आत बसून बाहेरच्या आज्ञा देण्याची सोय असते, आणि आत बसलेला तर रूट असतो! म्हणजे आपण पेन्सिल दिली असे समजतो आणि प्रत्यक्षात जुडगाच दिलेला असतो. लांब मजकूर पानापानाने दाखवणारी 'लेस', फायली शोधणारी 'फाइंड', फायलींचे गाठोडे बांधणारी 'टार', ह्या सर्वांत दुसरी आज्ञा चालवण्याच्या वाटा आहेत. ह्यावर 'सुडोएडिट' हा उपाय आहे. तो त्या फायलीची तात्पुरती प्रत काढतो, वापरकर्ता आपल्या साध्या अधिकाराने ती दुरुस्त करतो आणि शेवटी बदललेली प्रत मूळ जागी ठेवण्याचे काम तेवढे रूटच्या अधिकाराने होते.

दुसरी फट मोकळ्या जागेची आणि तारांकित चिन्हाची. यादीत आज्ञेचे नुसते नाव लिहिले आणि पुढे काही लिहिले नाही, तर सुडो ती आज्ञा कोणत्याही पुरवणीसह चालवू देतो. मी पहिल्या दिवशी 'रीस्टार्ट कप्स' हे दोन शब्द लिहायचे विसरलो होतो. म्हणजे मामांना छपाईच नव्हे, तर संगणकावरची प्रत्येक सेवा बंद-चालू करण्याचा अधिकार मी नकळत देऊन बसलो होतो. तारा काढली तरी असेच होते. नोंदवहीची फाइल वाचण्यापुरती परवानगी द्यायची म्हणून आपण 'कॅट /व्हार/लॉग/मेसेजेस' असे लिहून त्यापुढे तारा टाकतो. 'मेसेजेस'ने सुरू होणाऱ्या फायली, असा आपला हेतू. पण त्या ताऱ्यात मोकळी जागाही बसते. वापरकर्त्याने 'मेसेजेस' लिहून, जागा सोडून पुढे 'शॅडो' फायलीचा पत्ता दिला, की ती गुप्त फाइलही त्याच्यासमोर उलगडते.

तिसरी फट मालकीची. आपण एक लहानशी आज्ञावली लिहितो, ती विद्यार्थ्याच्याच फोल्डरात ठेवतो आणि तेवढीच रूट म्हणून चालवण्याची मुभा त्याला देतो. पण फोल्डर त्याचे असल्यामुळे ती आज्ञावली तो बदलू शकतो किंवा तिच्या जागी त्याच नावाची दुसरी ठेवू शकतो. हा कोरा धनादेश सही करून देण्याचाच प्रकार आहे. अशी आज्ञावली आणि ती ज्या फोल्डरात आहे ते फोल्डर, दोन्ही रूटच्याच मालकीची असावीत. इतरांना त्यांत बदल करता येता कामा नये.

चौथी फट 'अमुक सोडून सर्व' ह्या शब्दांत आहे. काही जण यादीत असे लिहितात, की ह्याला सर्व आज्ञा द्याव्यात, फक्त 'सू' तेवढी नको. निषिद्ध आज्ञेची दुसऱ्या नावाने प्रत केली, की हा निषेध गळून पडतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये ह्या प्रकारातला एक दोष खुद्द सुडोत सापडला आणि दुरुस्त झाला. 'रूट सोडून कोणाच्याही नावाने' अशी मुभा ज्याला दिली होती, त्याने वापरकर्त्याच्या क्रमांकाच्या जागी उणे एक लिहिले तर तो थेट रूट होत असे! कारण मोठे मौजेचे आहे. क्रमांक बदलणाऱ्या कर्नलमधल्या सोयीच्या भाषेत उणे एक म्हणजे 'आहे तोच राहू दे'. आणि सुडो स्वतः त्या क्षणी शून्य क्रमांकाने चालत होता. ह्यातून घ्यायचा धडा एकच: काय करू नये ह्याची यादी कधी पुरी होत नाही, म्हणून काय करावे ह्याची यादी लिहावी.

रूट लागतोच का?

आता पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. हल्ली अनेक शाळांत आर्डुइनो पाटी संगणकाला जोडून तापमान, अंतर, प्रकाश मोजण्याचे प्रयोग होतात. नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राने फिनिक्स प्रकल्पात तयार केलेले 'एक्सपआइज' हे उपकरणही असेच संगणकाला जोडून वापरतात. पुष्कळदा पाटी जोडली की पहिल्याच दिवशी 'परवानगी नाही' असा संदेश येतो. मग कोणीतरी जाणता सल्ला देतो, की सगळे सुडो लावून चालवा, किंवा त्या जोडणीवर सर्वांना लिहिण्याची परवानगी देऊन टाका. पहिल्या सल्ल्याने मुलाने लिहिलेली प्रत्येक चुकीची ओळ रूटच्या बळाने चालते. दुसरा सल्ला केबल काढून पुन्हा लावेपर्यंतच टिकतो, कारण जोडणीची फाइल दर वेळी नव्याने तयार होते.

खरा उपाय किती साधा आहे पाहा. डेबियन आणि उबंटू ह्या लिनक्सच्या प्रकारांत ह्या जोडणीची फाइल 'डायलआउट' नावाच्या गटाच्या मालकीची असते. विद्यार्थ्याचे खाते त्या गटात एकदा घालावे, त्याने बाहेर पडून पुन्हा आत यावे, की काम झाले. रूट नको, सुडोही नको. म्हणून यादीत ओळ लिहिण्याआधी पहिला प्रश्न असा विचारावा, की ह्या कामाला रूट लागतोच का?

काही कामांना रूटचा अगदी लहान अंश लागतो. त्यासाठी लिनक्सच्या गाभ्यात १९९९ पासून, म्हणजे २.२ ह्या आवृत्तीपासून, रूटच्या अधिकाराचेच तुकडे पाडलेले आहेत. आज असे सुमारे चाळीस तुकडे आहेत. दूरचा संगणक जागा आहे की नाही हे पाहणारी 'पिंग' ही आज्ञावली पूर्वी ती 'एस'ची खूण लावून पूर्ण रूट म्हणून चालत असे. कारण तिला जाळ्यावर कच्च्या स्वरूपातले संदेश पाठवावे लागत. पुढे अनेक ठिकाणी तिला तेवढाच तुकडा देण्यात आला. तिच्यात दोष निघालाच, तर हानी तेवढ्या तुकड्यापुरतीच राहते. अर्थात सगळे तुकडे सारखे नाहीत. त्यांतले एकदोन इतके मोठे आहेत, की ते देणे म्हणजे रूटच देणे.

ह्या साऱ्यामागचे तत्त्व जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर ह्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मांडले आहे. प्रत्येक आज्ञावलीने आणि प्रत्येक वापरकर्त्याने आपले काम पुरे करण्यास लागेल तेवढ्याच अल्पतम अधिकाराने वावरावे, हे ते तत्त्व. त्यांनी त्यात चोरट्यांचाच विचार केला नव्हता. अपघाताने किंवा चुकीने होणारी हानी आटोक्यात राहावी, हाही त्यांचा हेतू होता. माझ्या हातून पडलेली ती मोकळी जागा नेमकी ह्याच सदरात मोडते.

सुडोच फसवा निघाला तर?

एका सहकाऱ्याने मला विचारले, 'ज्या रोखपालावर तुम्ही एवढा भरवसा ठेवता, तोच फितूर झाला तर?' प्रश्न योग्य आहे. जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस ह्या कंपनीच्या संशोधकांनी सुडोतला एक गंभीर दोष जाहीर केला. त्याचा फायदा घेऊन संगणकावरचा कोणताही साधा वापरकर्ता, यादीत त्याचे नाव नसले तरी, रूट होऊ शकत असे. हा दोष जुलै २०११ पासून, जवळजवळ साडेनऊ वर्षे, त्यात दडून होता. जगभरचे हजारो डोळे त्याच्यावरून फिरले होते, तरीही.

ह्याचा अर्थ सुडो टाकून पुन्हा चिठ्ठीकडे जावे असा मात्र नव्हे. दाराच्या कुलपात दोष निघाला, म्हणून कोणी दार काढून टाकीत नाही. दोष जाहीर झाला त्याच दिवशी दुरुस्त आवृत्तीही आली. ज्यांनी ती बसवली ते सुरक्षित झाले. चिठ्ठीला मात्र दुरुस्त आवृत्ती नसते. ह्यातून दुसरा एक धडा मात्र मिळतो. जितकी सोय अधिक, तितकी आज्ञावली मोठी, आणि तितक्या दोषांना लपायला जागा अधिक. म्हणूनच ओपनबीएसडी ह्या प्रणालीच्या मंडळींनी २०१५ मध्ये सुडोऐवजी 'डूॲज' ही फारच लहान आज्ञावली आणली. रस्ट ह्या संगणकभाषेत नव्याने लिहिलेला सुडो ऑक्टोबर २०२५ मधल्या उबंटूच्या आवृत्तीत मूळ सुडोच्या जागी आला. रस्ट भाषा स्मृतीच्या हाताळणीतल्या चुका टाळण्यास मदत करते, आणि २०२१ चा दोष त्याच जातीचा होता.

शाळांनी काय करावे?

शिक्षक बंधुभगिनींना मी असे सुचवीन, की ही यादी तुम्ही एकट्याने लिहू नका. नववी-दहावीच्या चार-सहा मुलामुलींना बरोबर घ्या. प्रथम एका कागदावर प्रयोगशाळेतल्या कोणकोणत्या कामांना आज रूट वापरला जातो ते लिहा. आमच्याकडे अशी अकरा कामे निघाली. मग प्रत्येकापुढे विचारा, रूट लागतोच का? आमची सहा कामे तिथेच गळली. ती गटांत नाव घालून भागली. उरलेल्या पाचांसाठी कोणाला, कोणती आज्ञा, कोणत्या पुरवणीसह, असे तीन रकाने भरा. शेवटी एका जुन्या, रिकाम्या संगणकावर ती यादी बसवा आणि मुलांना सांगा, ह्या अधिकारातून निसटून रूट होऊन दाखवा. ते प्रयत्न करतील आणि काही वेळा यशस्वीही होतील. मग ती फट बुजवा आणि पुन्हा प्रयत्न करू द्या. नियम लिहिणे आणि नियमाची परीक्षा घेणे, ही दोन्ही कामे विज्ञानाचीच आहेत. आपण गृहीतक मांडतो आणि ते खोटे पाडण्याचा प्रामाणिक प्रयत्न करतो, त्याहून हे निराळे नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हालाही एक सांगतो. हा खेळ परवानगी असलेल्या संगणकावरच खेळायचा. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे गुन्हा ठरू शकतो. आणि समजा कायदा नसता, तरी शेजाऱ्याचे दार उघडे दिसले म्हणून आपण आत शिरत नाही.

'एवढी बंधने म्हणजे मुलांवर अविश्वास नव्हे काय?' असेही मला विचारण्यात आले. मला ते उलटे दिसते. जुडगा एकदाच दिला, की देणाऱ्याच्या मनात भीती राहते आणि पहिला अपघात होताच तो सगळेच काढून घेतो. नेमकी किल्ली दिली, तर ती निःशंकपणे देता येते. आमच्या प्रयोगशाळेत त्या दुपारनंतर मुलांना संगणकापासून दूर ठेवण्याचा निर्णय जवळजवळ झालाच होता. आज त्याच मुलांपैकी तिघांच्या नावावर यादीत ओळी आहेत. माझ्या नावावरही दोनच आहेत; प्राध्यापक म्हणून मला काही अधिक मिळालेले नाही. पाचव्या महिन्यात नोंदवही तपासताना एक नकार आढळला. सायंकाळी पाच वाजता कोणीतरी 'प्रयोग' फोल्डरावर सुडो लावून पुसण्याची आज्ञा दिली होती आणि सुडोने ती नाकारली होती.

नाव पाहिले, तर ते माझेच होते. जुनी सवय! पण ह्या वेळी मुलांची निरीक्षणे जिथल्या तिथे होती.